केस न गळलेल्यांची यादी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातून एक तक्रार पुढे आली आणि पंधरवड्यात ती देशभर पोचली. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव, पहूरजिरा या गावांत आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस मुळापासून सैल व्हायचे, हात फिरवला की पुंजका हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. शाळकरी मुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या वयांची माणसे त्यात होती. जिल्हा आरोग्य विभागाची पथके गेली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे आणि एम्सचे तज्ज्ञ आले, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने गेले. बाधितांची संख्या वाढत वाढत १८ गावांत २७९ वर गेली आणि तोच आकडा सगळीकडे छापून आला. आकडा महत्त्वाचा खराच, पण एकट्याने तो फारसे काही सांगत नाही. त्याच गावांत, त्याच घरांत, त्याच तव्यावरची पोळी खाऊन ज्यांचे केस शाबूत राहिले त्यांची यादी शेजारी ठेवली तरच कारणाचा माग लागू शकतो. रोगाची माहिती गोळा करणे म्हणजे रोग्यांची मोजदाद करणे, ही समजूत आपल्या सरकारी कामकाजात आणि लोकांच्या मनातही घट्ट बसलेली आहे. माझे म्हणणे असे की निरोगी माणसाची नोंद रोग्याइतक्याच निगुतीने ठेवावी लागते, ती रोग उद्भवण्याच्या आधीपासून ठेवावी लागते, आणि हे काम गावातली घरे आतून ओळखणारी व्यक्तीच नीट करू शकते. तेव्हा दारोदार जाऊन वही भरणारी आशा किंवा आरोग्यसेविका ही या शास्त्रातली पहिली संशोधक आहे. तिला तसा मान, तसे शिक्षण आणि तसा अधिकार दिला नाही, तर पुढे कितीही मोठी प्रयोगशाळा उभी केली तरी तिच्या हाती लागणारी माहिती अपुरीच असेल.

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो जाणे स्वाभाविक होते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, त्यात ही गावे येतात. इथले भूजल मूळचेच खारे, बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. तपासलेल्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट प्रमाणाबाहेर निघाले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये असे भारतीय मानक सांगते, त्यामुळे ती नोंद गंभीर होतीच. पण खारपाणपट्ट्यातल्या माणसांनी हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यालेले आहे, आणि शेजारच्या कितीतरी गावांत असेच पाणी असून तिथे कोणाचा केसही गळलेला नव्हता. मग पाणी दोषी की निर्दोष, हे ठरवायचे कसे? १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने मृतांची घरे तर मोजलीच, पण त्याच्या युक्तिवादाला बळ आले ते न मेलेल्यांमुळे. त्या रस्त्यावरच्या मद्याच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते आणि त्यांच्यात पटकीने कोणी दगावले नाही. ते तिथली बिअर प्यायचे, शिवाय कारखान्याची विहीर स्वतंत्र होती. जवळच्या अनाथाश्रमवजा कामगारगृहात ५३५ माणसे राहत होती, त्यांतली फक्त पाच गेली. त्यांचीही विहीर वेगळी. चहूबाजूंनी माणसे मरत असताना ही दोन ठिकाणे का वाचली, या प्रश्नाने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दोष सिद्ध झाला. शेगावच्या गावांत हाच प्रश्न असा विचारता येतो: विकतचा जार आणणारी घरे किती, शुद्धीकरण यंत्राचे पाणी भरणारी किती, हापशीवर अवलंबून असणारी किती, आणि या तिन्ही गटांत केस गेलेल्यांचे प्रमाण सारखे आहे की वेगळे? सारखे असेल तर पाण्याला बाजूला ठेवून दुसरीकडे पाहायला हवे. त्यासाठी खर्चिक यंत्र लागत नाही, सगळ्या घरांची यादी लागते.

दुसरीकडे पाहिले ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून त्यांनी केलेल्या नोंदी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आल्या होत्या आणि त्यांतून पुढे आलेल्या उपचाराने कोकणातली असंख्य माणसे वाचली, तेव्हा रोग्याजवळ जाऊन माहिती जमवण्याची शिस्त त्यांच्या अंगी जुनीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितले की बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले आहे आणि त्यांचा संशय रेशनवर मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हावर आहे. त्यांच्या तपासणीत या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. थोडी आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. दिवसाला साधारण ३०० ग्रॅम कणीक, म्हणजे दहाएक पोळ्या, खाणाऱ्या माणसाच्या पोटात अशा गव्हातून चार मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम जाईल. प्रौढाने रोज ०.४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये अशी अमेरिकी पोषणतज्ज्ञांनी घातलेली मर्यादा आहे, म्हणजे हे प्रमाण तिच्या दहापट. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ च्या सुमारास गावेच्या गावे केस आणि नखे गमावत होती. तिथल्या बाधित भागात माणशी रोज सुमारे ५ मिलिग्रॅम सेलेनियम अन्नातून पोटात जात होते असे पुढे शास्त्रज्ञांनी मोजले; आणि तिथल्याच दुसऱ्या भागात, जिथे सेलेनियमचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त होते पण रोग नव्हता, तिथे हा आकडा पाऊण मिलिग्रॅमचा निघाला. एन्शीचे संशोधन आजही उपयोगी पडते ते या दुसऱ्या आकड्यामुळे. रोग झाला नाही अशा गावांत जाऊन तिथल्यांचे जेवण कोणीतरी मोजले होते.

यावर कोणी म्हणेल की मग तर प्रश्नच मिटला. एका अनुभवी डॉक्टराने बाहेरून येऊन गहू तपासला आणि कोडे सुटले, गावोगावच्या नोंदींची एवढी महती कशाला? बावस्करांचे श्रेय कमी करण्याचा प्रश्नच येत नाही. पण एका नमुन्याने संशयाला जागा मिळते, पुरावा उभा राहण्यासाठी तुलना लागते. ज्या घरांत पोळीऐवजी ज्वारीची भाकरी अधिक खाल्ली जाते तिथे केस गळण्याचे प्रमाण कमी होते का? ज्यांच्याकडे रेशनचा गहू येतच नाही अशा शेतकरी घरांत काय झाले? ज्यांनी रेशनचा आणि घरचा गहू मिसळून दळला त्यांचे केस उशिरा गेले का? एका ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचे गेले, दुसऱ्याचे नाही, तेव्हा दुसरा दिवसभर कामाच्या ठिकाणी डबा कोणाचा खातो? रास्त भाव दुकानातल्या ई-पॉस यंत्रात कोणत्या कार्डावर कोणत्या तारखेला किती धान्य उचलले याची नोंद असते. ती तारीख आणि घरातल्या पहिल्या माणसाचे केस गळायला लागल्याची तारीख शेजारी मांडली, तर धान्य आले कधी आणि परिणाम दिसला कधी याचा हिशोब घराघराने करता येईल. गोणीचा प्रवास कोणत्या गोदामातून झाला हेही कागदावर असते. तेव्हा माहिती नाही असे नाही, ती तीन खात्यांच्या तीन कपाटांत आहे, आणि ती एकत्र जोडणारा दुवा म्हणजे त्या घराच्या दारात उभी राहून ‘हा गहू कधी दळला?’ असे विचारणारी बाई.

आता ते विचारणे किती अवघड आहे ते पाहू, कारण वरिष्ठ कार्यालयांत बसलेल्यांना याची कल्पना क्वचितच असते. डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडात कापसाची वेचणी आणि तुरीची कामे चाललेली असतात. दुपारी सर्वेक्षणाला गेलात तर घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटणार. मजुरीला गेलेल्या बाया दिवेलागणीला परततात. दुपारच्या सर्वेक्षणात म्हाताऱ्यांची टक्केवारी फुगते आणि निष्कर्ष निघतो की हा आजार वयस्करांचा आहे. ओसरीवर बसलेला कर्ता पुरुष ‘आम्ही घरचाच गहू खातो’ असे अभिमानाने सांगेल, कारण रेशनचे खातो हे सांगायला त्याला कमीपणा वाटतो. पिंपात कोणता गहू कशात मिसळला हे त्याच्या सुनेला माहीत असते, आणि ती सासऱ्यादेखत बोलणार नाही. तिला आत चुलीपाशी जाऊन, रोजच्या ओळखीतून विचारावे लागते. तारखा कोणाला आठवत नाहीत. पण ‘दत्तजयंतीच्या आधी की नंतर’, ‘संक्रांतीला वाणाला गेली तेव्हा डोक्यावर पदर घट्ट घेतला होता का’, असे विचारले की तारीख आपोआप समोर येते. रेशनचे धान्य कधी कधी विकले जाते, कधी उसने दिले जाते, आणि हे कोणी पाहुण्या अधिकाऱ्यापुढे कबूल करत नाही. या सगळ्या अडचणी प्रश्नावलीच्या छापील कागदावर दिसत नाहीत. त्या ओळखून वाट काढणे हे कौशल्य आहे, आणि आपल्याकडे त्याला कौशल्य म्हणून कोणी मोजत नाही.

नमुने घेण्याचेही तसेच. हापशीचे पाणी तपासायचे तर आधी काही मिनिटे पाणी वाहू द्यावे लागते, नाहीतर नळीत साचलेले पाणी बाटलीत येते. जंतू तपासायची बाटली निर्जंतुक हवी आणि पाण्यात टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकलेली असेल तर त्यातला क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन बाटलीत आधीपासून हवे. जड धातू तपासायचे तर नमुन्यात आम्ल टाकावे लागते, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे सांगते की पाणी स्वच्छ आहे. गावातले जलसुरक्षक पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट रोज करतात, त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक असते; उरलेले शिकवायला एक दिवस पुरतो. केसांचा नमुना तर याहून बोलका. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळाकडचे टोक कोणते हे दोरा बांधून दाखवले आणि केस कागदी पाकिटात सरळ ठेवले, तर प्रयोगशाळेत त्याचे सेंटिमीटरचे तुकडे करून कोणत्या महिन्यात शरीरात सेलेनियम चढले हे वाचता येते. तेच केस पिशवीत कोंबून पाठवले की केवळ सरासरी हाती येते आणि महिन्यांचा हिशोब कायमचा जातो. तो दोरा बांधायला क्षणभर लागतो, पण का बांधायचा हे ज्या कर्मचाऱ्याला कोणी समजावून सांगितलेले नाही, तो घाईत बांधणार नाही.

इथे आपल्या देखरेख यंत्रणेच्या रचनेकडे वळावे लागते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ साली सुरू झाला आणि गावपातळीवरच्या नोंदीसाठी त्यात ‘एस’ फॉर्म आला. त्यात ताप, खोकला, जुलाब, कावीळ, अचानक येणारा लुळेपणा असे रकाने आहेत, आणि शेवटी एक रकाना आहे तो वरच्या कशातच न बसणाऱ्या पण मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्यापर्यंत नेणाऱ्या विलक्षण लक्षणांसाठी. केस गळून कोणी मरत नाही आणि भरतीही होत नाही. म्हणजे एखाद्या आरोग्यसेविकेला पहिल्याच आठवड्यात एका गल्लीत चार जणींचे केस गेलेले दिसले असते, तरी तिच्या फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नव्हती. शेगावच्या तक्रारीला वाचा फुटली ती गावकऱ्यांनी आवाज उठवल्यामुळे आणि वार्ताहरांनी तो उचलून धरल्यामुळे. बातम्यांवर नजर ठेवून साथ ओळखण्याची सोयही यंत्रणेत आहे हे खरे. पण बातमी होण्याइतका गाजावाजा होईपर्यंत धान्य शिजून खाऊन संपलेले असते. फॉर्म आखणाऱ्यांना जे रोग माहीत आहेत तेच फॉर्ममध्ये येणार, यात त्यांचा दोष नाही. म्हणूनच फॉर्मच्या बाहेर लिहिण्याचा अधिकार आणि ते लिहिलेले वाचले जाईल याची खात्री गावातल्या कर्मचाऱ्याला असायला हवी. ‘आज काहीतरी वेगळे दिसले’ एवढी एक ओळ, आणि ती ओळ वाचून दोन दिवसांत फोन करणारा तालुक्याचा अधिकारी, इतकी ती साधी गोष्ट आहे.

सगळ्यात जोरकस आक्षेप मात्र वेगळा आहे. कमी शिकलेल्या, मानधनावर काम करणाऱ्या बाईने लिहिलेल्या नोंदी शास्त्राच्या कसोटीला कशा उतरणार? ती ओळखीच्यांना झुकते माप देईल, दमली की अंदाजाने भरेल. या आक्षेपाला महाराष्ट्रातच उत्तर दिले गेले आहे. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली, त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबून राहिले असते तर हा आजार जवळजवळ नाहीच असे म्हणावे लागले असते. इथेही तक्रार घेऊन आलेल्यांपुरते न थांबता गावातल्या सगळ्या स्त्रियांकडे जाण्याचा आग्रह होता. पुढे १९९९ साली त्यांचा नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३९ गावांत गावातल्याच, फारसे शिक्षण नसलेल्या बायांनी बाळाचे वजन, ताप, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शन दिले. आणि शेजारच्या ४७ गावांत, जिथे हे काहीच केले नव्हते, तिथलेही जन्म-मृत्यू तेवढ्याच काटेकोरपणे मोजले गेले. तुलनेत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असे जगाने मान्य केले ते त्या ४७ गावांतल्या नोंदींमुळे. चुका होतात, पण चुका पकडण्याची पद्धत आहे: शेकड्यातली काही घरे दुसऱ्या व्यक्तीने न सांगता पुन्हा पाहायची आणि दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या. डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदींनाही हीच कसोटी लावावी लागते.

साध्या माणसांच्या तोंडी साक्षीवर घेतलेला सर्वांत मोठा आक्षेप राष्ट्रीय पातळीवर येऊन गेला आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या कर्मचाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंबद्दल घरोघरी जाऊन विचारपूस केली, आणि त्या जबान्या दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचून मृत्यूचे कारण ठरवले. २०१० साली त्यातून निष्कर्ष आला की भारतात सत्तरीच्या आत वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार माणसे हिवतापाने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज १५ हजारांचा होता. संघटनेने हरकत घेतली की ताप कशाचा हे नातेवाइकांच्या आठवणीवरून ठरवता येत नाही. हरकतीत तथ्य होतेच, कारण ताप अनेक कारणांनी येतो. पण अभ्यासातले बहुतांश मृत्यू दवाखान्याबाहेर, खेड्यातल्या घरी झालेले होते; दवाखान्यांच्या नोंदींत ते कधी येणारच नव्हते. शिवाय जिथे हिवतापाचा फैलाव अधिक, तिथेच हे मृत्यू अधिक निघाले, असा मेळ निव्वळ गैरसमजातून बसत नाही. अचूक आकडा कोणता यावर वाद चालू द्यावा. दारात न जाता मिळालेला आकडा सत्याच्या अधिक जवळ होता असे मात्र म्हणता येणार नाही. बुलढाण्यापुरते पाहायचे तर शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ साली ९०८ होत्या आणि २०११ साली ८५५ राहिल्या, हे भीषण वास्तव आपल्याला कळले ते जनगणनेला दारोदार फिरलेल्या प्रगणकांमुळे, आणि प्रगणकांत मोठा भरणा शिक्षकांचा असतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. मोबाइलवर ॲप आहे, स्थळाची नोंद आपोआप होते, मग माणसाच्या शहाणपणावर भिस्त कशाला? ॲपने कितीतरी सोय झाली आहे. कागद हरवत नाही, माहिती त्याच दिवशी वर जाते. पण रकाना भरल्याशिवाय पुढचे पान न उघडणारे ॲप माणसाला काहीतरी भरायला भाग पाडते. जिल्हा परिषदेच्या कागदांत ‘निरंक’ लिहिण्याची जुनी सवय आहे. विचारले आणि काही आढळले नाही म्हणून निरंक, आणि विचारायला जाताच आले नाही म्हणूनही निरंक. ॲपमध्ये त्याच जागी शून्य येते. या दोन शून्यांतला फरक पुसला गेला की निरोगी माणसांची यादी खोटी होते, आणि ती खोटी झाली की रोग्यांच्या यादीला अर्थ उरत नाही. तेव्हा कामाचा बोजा हाही शास्त्राचाच प्रश्न आहे. एकाच आशेकडे गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग शोध, हिवतापाचे रक्तनमुने आणि वर येईल ते सर्वेक्षण द्यायचे, आणि मानधन वेळेवर द्यायचे नाही, म्हणजे दुसऱ्या प्रकारची शून्ये विकत घेणे होय.

आधीपासून नोंद का हवी याचे उदाहरण याच जिल्ह्यात डोळ्यांसमोर आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतून मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत आणि लोक खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतात. याच भागासाठी वान धरणाच्या गोड्या पाण्याची १४० गावांची योजना आली. ज्या गावांत गोडे पाणी पोचले आणि ज्यांत उशिरा पोचले वा पोचले नाही, त्यांतल्या माणसांच्या रक्तातले क्रिएटिनिन नळ येण्याच्या आधी आणि नंतर दर दोन वर्षांनी मोजले गेले, तरच पाणी, उष्णतेत केलेले अंगमेहनतीचे काम, शेतातली फवारणी की वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर, यांपैकी काय दोषी याचे उत्तर मिळू शकते. अशी तुलना एकदाच जमते. नळाचे पाणी सगळीकडे आले की जुन्या अवस्थेची नोंद पुन्हा करता येत नाही. निसर्गविज्ञानातही वेळेचे मोल असेच आहे. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. वन विभागाने नमुने उचलून नागपूरच्या नीरीला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाठवले म्हणून त्यात खारप्रिय सूक्ष्मजीव सापडले. पुढे ते तळाशी बसले आणि पाणी पुन्हा पूर्वीसारखे दिसू लागले. थोडा उशीर झाला असता तर तर्कांशिवाय हाती काही उरले नसते.

राहिला गोपनीयतेचा आणि घबराटीचा मुद्दा. रेशनच्या गव्हावर संशय आहे असे जाहीर केले तर गरीब माणूस धान्यच उचलणार नाही, उपाशी राहील, तेव्हा खात्री होईपर्यंत गप्प राहावे, असे जबाबदार माणसेही म्हणतात. काळजी खरी आहे. पण शेगावच्या गावांत शांततेने घबराट थांबवली नाही. ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द माध्यमांनी रूढ केला, लोक आंघोळीला भिऊ लागले, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. माहिती अडवून ठेवली की त्या जागी अफवा येते. बावस्करांच्या तपासणीत धुतलेल्या गव्हातही किलोमागे १३.६१ मिलिग्रॅम सेलेनियम राहिले होते. म्हणजे गहू धुऊन वाळवून काही साधत नाही, तो बदलूनच द्यायला हवा. एवढी एक गोष्ट स्वयंपाकघरात वेळेवर कळली असती तर तिने घबराट वाढवली नसती. नावे उघड करू नयेत, कोणत्या गल्लीत किती हे छापू नये, मुलीच्या डोक्याचे छायाचित्र कोणालाही काढू देऊ नये, इथे गोपनीयता कडक हवी. पण ज्याच्या अंगातून रक्त घेतले त्याला त्याचा निकाल त्याच्या भाषेत, त्याच्या दारात मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो सांगायला जाणारी व्यक्ती तीच असावी जिने नमुना घेतला. तिने रिकाम्या हाताने पुन्हा दार ठोठावले तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही, आणि उघडले तरी खरे उत्तर मिळणार नाही.

एप्रिल २०२५ मध्ये याच गावांतल्या माणसांची नखे विद्रूप होऊन गळू लागली. नख केसापेक्षा सावकाश वाढते, त्यामुळे शरीरात आधी गेलेल्या द्रव्याचा परिणाम तिथे काही महिन्यांनी दिसणे सेलेनियमच्या बाबतीत अपेक्षित आहे; एन्शीतही केस आणि नखे दोन्ही जात होती. त्या वेळी नवी धावपळ झाली, नवी मोजणी झाली. केस गेलेल्या २७९ पैकी किती जणांची नखे गेली, ज्यांचे केस गेलेच नव्हते त्यांतल्या कोणाची नखे गेली का, केस परत आले ते किती महिन्यांनी, त्या काळात गरोदर असलेल्या बायांची बाळे कशी आहेत, आणि रेशनचा गहू बदलल्यावर दर दोन महिन्यांनी घेतलेल्या केसांच्या मुळाशी सेलेनियम किती उतरले, हे प्रश्न त्या १८ गावांतल्या प्रत्येक घरासाठी विचारण्याजोगे आहेत. त्यासाठी घरटी एक पान, कुटुंबातल्या सगळ्यांची नावे, केस गेलेले आणि न गेलेले दोन्ही, आणि दर दोन महिन्यांनी त्याच दारात जाणारी तीच आरोग्यसेविका, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. तिला शेगावच्या तालुका आरोग्य कार्यालयात एक टेबल, प्रवासभत्ता आणि तिच्या नोंदींवर निघालेल्या प्रत्येक शास्त्रीय अहवालावर तिचे नाव, या तीन गोष्टी द्याव्यात, आणि हे काम निदान पाच वर्षे चालू ठेवावे.